लोंढे सरांची ओळखखूण

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील नगरच्या अडतबाजारात पोती वाहतात, आई विड्या वळते. कागदावर चार ओळी लिहिल्या की मला अजूनही वाटतं, आता कोणीतरी येऊन विचारील, हे तुला कोणी सांगितलं होतं? शिवाय माणसाबद्दल लिहायचं तर त्याचं सगळं आयुष्य माहीत हवं. लोंढे सरांचा जन्म कुठल्या साली झाला, ते कुठल्या कॉलेजात शिकले, हे मला ठाऊक नाही. मला त्यांचं चालणं ठाऊक आहे. त्यांचा एक प्रश्न ठाऊक आहे. एवढ्या भांडवलावर मी हे धाडस करतो आहे. जाणकारांनी राग मानू नये.

लोंढे सर आम्हाला हायस्कुलात इतिहास शिकवत. लढाईचे दिवस होते. किल्ल्यात काँग्रेसचे कोणते पुढारी कैदेत आहेत हे सगळ्या नगरला माहीत होतं आणि मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. रस्त्यांवरून लष्कराच्या गाड्या जात, तेव्हा वर्गाची तावदानं थरथरत आणि सर तेवढा वेळ बोलणं थांबवत. चालणं थांबवत नसत.

सर वर्गात बसलेले मी कधी पाहिले नाहीत. खुर्चीवर त्यांचा काळा कोट बसायचा. कोटाचा उजवा खिसा खडूने कायमचा पांढरा झालेला. सर दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मागच्या बाकापर्यंत फेऱ्या घालत शिकवायचे आणि आम्ही माना वळवून दमून जायचो. माझ्या बाकावर बशीर बसायचा. त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणायचा, "सरांच्या टाचेत किल्ली हाय. बाई रोज सकाळी भरून देतात."

बाई म्हणजे सरांच्या पत्नी, मार्थाबाई. मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांच्या घरी गेलं तर सर चहासुद्धा उभ्याने प्यायचे, बशी हातात धरून, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई आम्हाला म्हणायच्या, "तुम्ही तरी बसा रे. यांच्याकडे बघून मला जेवण पचत नाही."

सरांचा तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो दिवस चांगला आठवतो. एका मुलाने पुस्तकातलं वाक्य वाचलं, 'इंग्रजांनी अमेरिकेत वसाहती वसवल्या.' सर मागच्या बाकापाशी होते, तिथूनच म्हणाले, "थांब. झाडं कोणी तोडली?"

"इंग्रजांनी, सर."

"कुठल्या इंग्रजांनी? लंडनमध्ये बसून कंपनीत ज्यांनी पैसे घातले, त्यांनी?"

सर खिडकीशी आले. "काम कोणी केलं? वसवल्या म्हणे. गाव काय असं बोट दाखवून वसतं?"

त्या एका वाक्यावर आमचा पुढचा बराच काळ गेला. परीक्षेत या भागावर एखादाच प्रश्न यायचा, पण सर व्हर्जिनिया सोडायला तयार नव्हते. ते सांगायचे ते असं. कंपनीच्या लोकांना सोनं हवं होतं. सोनं निघालं नाही. आलेल्यांत बरेचजण असे, की ज्यांनी कधी हातात कुदळ धरली नव्हती. उपाशी मरायची वेळ आली. आधीपासून तिथं राहणाऱ्या लोकांचा मका मागून खाल्ला, मग हिसकावून खाल्ला, मग त्यांची जमीनच घेतली. मग तंबाखू सापडली. तंबाखू म्हणजे सोनंच, फक्त ते जमिनीत आपोआप नसतं, त्याच्यासाठी माणसं लागतात. माणसं कुठून आणायची? विलायतेतल्या गरिबांना सांगितलं, जहाजाचं भाडं आम्ही देतो, तुम्ही आम्हाला तुमची काही वर्षं द्या. चार, पाच, सात. लोकांनी कागदावर अंगठे उठवले. आणि जो मालक असा एक माणूस आणील, त्याला त्या माणसामागे जमीन मिळायची.

"कोणाला जमीन?" सर विचारायचे.

"आननाऱ्याला," बशीर म्हणायचा.

"आणि आलेल्याला?"

"तंबाखू."

वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. ते सांगायचे की ही माणसं निम्मी तर मुदत संपण्याआधीच तापाने मेली, आणि पुढे मालकांना वाटलं की मुदत संपणारी माणसं परवडत नाहीत, ज्यांची मुदत कधीच संपणार नाही अशी हवीत. मग आफ्रिकेतून जहाजं भरभरून माणसं आणली, त्यांना कागदही दाखवला नाही. त्याच समुद्रातल्या बेटांवर ऊस लावला. "तुमच्या चहातली साखर तिथून सुरू होते," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत, जणू ती बेटं भिंगारच्या रस्त्यावर असावीत.

माझ्या आईच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा. हात धुतले तरी जायचा नाही. मी घरी येऊन तिला व्हर्जिनियाची गोष्ट सांगितली. ती सुपातली पानं कातरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तितल्या बायांना मांडीवर सूप घिऊन बसाय मिळायचं का, का उब्यानंच?" मी दुसऱ्या दिवशी हे सरांना सांगितलं. सर चालता चालता थांबले. मग म्हणाले, "म्हस्के, मला माहीत नाही. पुस्तकात लिहिलेलं नाही. तिला सांग, सरांना माहीत नाही." आणि पुन्हा फेऱ्या घालू लागले. ही गोष्ट त्यांना छळत होती, हे आम्हाला दिसायचं. पुस्तकात नाही ते जाऊन बघितलं पाहिजे, असं ते म्हणत. पण जायचं कसं? हायस्कुलातला मास्तर अमेरिकेला जातो, ही कल्पनाच हसू येण्यासारखी होती.

एकदा त्यांनी आम्हाला सहलीला नेलं. बाकीचे शिक्षक मुलांना चांदबिबीच्या महालावर न्यायचे. सरांनी आम्हाला रेल्वेने श्रीरामपूरकडे नेलं आणि एका कालव्याच्या मोरीपाशी उभं केलं. मोरीवर एक दगड होता. त्यावर कोणा साहेबाचं नाव आणि साल कोरलेलं. सरांनी दगडावरून हात फिरवला.

"दुष्काळात हे काम निघालं," ते म्हणाले. "आमचे लोक मिरजगावकडून चालत आले. माझी आई इथं पाट्या वाहत होती. मी पोटात होतो, असं ती सांगायची. बशीर, तिचं नाव कुठं आहे बघ बरं."

बशीर खरोखरच दगडाला वळसा घालून, वाकून, मागची बाजू बघून आला. "मागं पन न्हाई, सर."

तेव्हा मात्र सर हसले. पोट धरून हसले. मग त्यांनी आम्हाला कालव्याच्या कडेकडेने चालवलं. दोन्ही अंगांना ऊस होता. पाणी आल्यावर ज्वारीच्या जमिनी कशा उसाच्या झाल्या, त्या कोणी खंडाने घेतल्या, कारखाने कसे आले आणि ऊस तोडायला जामखेडच्या कोरड्या मुलखातून माणसं कशी आणतात, मुकादम गावागावात फिरून आगाऊ उचल देऊन टोळ्या कशा जमवतो, हे ते सांगत होते. जामखेड माझंच गाव. माझे दोन चुलते असेच येत. मी हे जन्मापासून पाहिलं होतं, पण हा इतिहास आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"मुकादमाला माणशी मिळतं," सर म्हणाले. "आणणाऱ्याला. आता व्हर्जिनिया कळली?"

आता एक गंमत सांगतो. व्हर्जिनियातून माणसं पळून जायची. मुदत न भरता रात्रीतून नाहीशी व्हायची. मग मालक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा, अमुक माणूस पळाला, उंची इतकी, अंगावर कपडे असे, गालावर व्रण, बोलताना अडखळतो, धरून आणील त्याला बक्षीस. सर म्हणायचे, या लोकांचं वर्णन इतिहासात दुसरीकडे कुठंच सापडत नाही. ते पळाले नसते तर त्यांचा चेहरा आपल्याला कळलाच नसता.

एक दिवस ते म्हणाले, "समजा तुम्ही पळालात. मालक तुमची ओळखखूण काय लिहील? प्रत्येकाने स्वतःची लिहा."

कोणी काय काय लिहिलं! बशीरने लिहिलं, 'रंग गोरा (अम्मीच्या मते), उजव्या हाताला कायम ग्रीस, पायात नव्या चपला. चपला याच्या नाहीत.' मी लिहिलं, 'उंची बेताची, विचारल्याशिवाय बोलत नाही.' सरांनी माझा कागद वाचून नुसती मान हलवली. मग बशीरने उभं राहून विचारलं, "सर, तुमची पन लिहिली तर चालंल का?" आणि परवानगीची वाट न बघता वाचलंही, "वय पस्तिशीचं, रंग सावळा, चष्मा. काळा कोट, एक खिसा पांढरा. बसत न्हाई. कुठंबी बसत न्हाई."

"संपलंच मग," सर म्हणाले. "मी पळालो तर दुपारपर्यंत सापडेन."

लढाई संपली त्या साली आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला एक पाहुणे आले. कालव्याकाठी त्यांचा साखर कारखाना होता. सगळे त्यांना शेटजी म्हणत. सरांचं भाषण ऐकून ते खूष झाले. अशी माणसं देशाला हवीत, म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या अमेरिकेच्या शिक्षणाचा सगळा खर्च मी करतो, येण्याजाण्याचं भाडंही. परत आल्यावर माझ्या कारखान्यात मजूर-अधिकारी म्हणून काम करायचं. सात वर्षं. करारावर सही करायची.

हे आम्हाला सरांनीच सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीने. त्या दिवशी ते वर्गात आले, कोट खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "एक माणूस आहे. त्याला समुद्रापलीकडे जायचं आहे. भाडं नाही. एकजण म्हणतो, भाडं मी देतो, तू मला सात वर्षं दे. सही करावी का?"

आम्हाला कळायला वेळ लागला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "करू नये, सर. तुमीच शिकवलंय."

"पण मग तो जाणार कसा?" दुसरा म्हणाला.

"काम मजुरांचंच हाय," तिसरा म्हणाला. "सर असले तर मजुरांचं बरंच हुईल की."

"तितं मालक शेवटाला काहीतरी द्यायचा ना, सर?" बशीरने विचारलं. "मुदत भरली की?"

"द्यायचा. थोडा मका, कपड्याचा जोड, कधी एखादी कुदळ."

"मग तेवडं लिहून घ्या. कुदळ चांगली पोलादी."

वर्ग हसला आणि सरही हसले, पण खिडकीपाशी गेल्यावर त्यांचं हसू राहिलं नाही. ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. उभे, न चालता. मला आठवतं, वर्गात एकदम शांतता पसरली, कारण त्यांच्या पावलांचा आवाज बंद झाला होता.

संध्याकाळी मी आणि बशीर त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बाईंचं आणि सरांचं बोलणं चाललं होतं. आम्हाला बघूनही बाई थांबल्या नाहीत.

"सात वर्षं म्हणता, ती तुमच्या एकट्याची आहेत का?" बाई म्हणाल्या. "कारखान्यावर राहायला जायचं तर मला माझी शाळा सोडावी लागणार. ते त्या कागदात कुठं लिहिलंय?"

"मार्था, मी नाही गेलो तर आयुष्यभर पुस्तकातलंच सांगत राहीन."

"जा की मग. मी जाऊ नका म्हटलं का? मी म्हटलं, सही करताना लक्षात ठेवा की त्या हातात माझाही हात आहे."

सरांनी सही केली. त्या वेळी मला वाटलं, त्यांनी बरोबर केलं. आजही चूक केली असं म्हणवत नाही. ज्या माणसाला आतून इतकी तहान लागली होती, त्याने दुसरं काय करायला हवं होतं हे मला सांगता येणार नाही. गाडीच्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. सामान डब्यात ठेवून सर फलाटावर फेऱ्या मारत होते. गाडी हलली तेव्हा ते चालत्या डब्याबरोबर चालत होते आणि मुंबईपर्यंत पोचवायला निघालेल्या बाई आतून ओरडत होत्या, "अहो, चढा आता!"

दीड-दोन वर्षांनी ते परतले. मी तोवर मॅट्रिक होऊन नव्याने निघालेल्या कॉलेजात नाव घातलं होतं. कारखान्यावर रुजू होण्याआधी सर काही दिवस नगरला होते. मी भेटायला गेलो तेव्हा ते पूर्वीसारखेच ओसरीवर येरझाऱ्या घालत होते, आणि एकामागून एक सांगत होते.

व्हर्जिनियात ते नदीकाठी पहिल्या वसाहतीच्या जागी गेले. तिथं गवत होतं, एक चर्चचा जुना मनोरा होता आणि पुतळे होते. दाखवणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, काम करणारे कुठं राहत होते? तो चांगला माणूस होता, त्याने विचार केला आणि म्हणाला, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिथल्या बसमध्ये पुढे गोऱ्यांनी बसायचं आणि मागे काळ्यांनी, असा नियम. सर चढले तेव्हा ड्रायव्हरने त्यांच्याकडे दोनदा बघितलं. हा कुठला? पुढे बसवावा की मागे? तो काही ठरवीना आणि बस काही सुटेना.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, भाऊ, तू काळजी करू नकोस. मला बसायची सवयच नाही." सर म्हणाले. "सगळा रस्ता मधोमध उभा राहून गेलो. पुढचेही बघत होते, मागचेही."

बाई आतून म्हणाल्या, "तेवढ्यासाठी इथं आयुष्यभर तयारी केली यांनी."

मग ते एका तंबाखूच्या शेतात गेले. एक काळी म्हातारी आणि तिच्या सुना झाडांचे शेंडे खुडत होत्या. सरांनी विचारून त्यांच्या ओळीत काम केलं. थोड्याच वेळात हात चिकट काळे झाले, धुऊन जाईनात. मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आईचा प्रश्न मी म्हातारीला विचारला. शेतात उभ्याने, वाकून. पानं बांधायच्या कोठारात बसायला मिळतं. तिच्या आजीलाही तसंच, म्हणाली. आईला सांग."

मी सांगितलं. आई म्हणाली, "बसाय मिळतं न्हवं? मग बरं हाय." आणि थोड्या वेळाने, "मास्तर एवड्या लांब जाऊन माझं इचारून आला व्हय?" तिने डोळ्यांना पदर लावला की घाम पुसला ते मला कळलं नाही.

यानंतर सर कारखान्यावर गेले. वर्षभर गाठ पडली नाही. मागच्या हंगामात माझे धाकटे चुलते टोळीबरोबर तिकडे तोडीला गेले होते. त्यांना भेटायला गेलो, तेव्हा आधी सरांच्या घरी गेलो. कारखान्याने दिलेलं पक्कं घर होतं, पुढे कर्दळी लावलेल्या. बाईंनी दार उघडलं. मला पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हस्के, हल्ली हे बसतात."

मला आधी अर्थ लागला नाही.

"घरी येतात आणि बसतात. भिंतीकडे बघत. मी म्हणते, जरा फिरून या. म्हणतात, कुठं?"

मी ऑफिसात गेलो. सर टेबलामागे खुर्चीत बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं, आणि ते मला लहान वाटले. काळा कोट अंगातच होता. त्याचा खिसा आता काळाच होता. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर कारकून खाली मान घालून लिहीत होता. समोर एक मुकादम उभा होता. सरांनी मला हाताने थांबायची खूण केली.

"नाव?" ते मुकादमाला म्हणाले.

"दगडू. जामखेडकडला. उचल घिऊन पळालाय, सायेब. बायकूला, पोरांला घिऊन गेला. मागच्या पंदरवड्यात त्याचं पोरगं तापानं गेलं, तवापासनं डोकं फिरल्तं त्याचं."

"ओळखखूण?"

"कपाळाव वण हाय. बैलाचं शिंग लागल्यालं. हा येवडा."

सर लिहू लागले. हे पत्र गावच्या पाटलाकडे जाणार, पाटील माणूस शोधून परत पाठवणार, अशी तिथली रीत होती. मला वर्गातला तो तास आठवला. बशीरच्या चपला आठवल्या. आणि सरांना पळालेल्या माणसाची खूण लिहिताना बघून मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मी टेबलाच्या कडेला उभा होतो. कागद मला दिसत होता. सरांनी लिहिलं होतं, 'हनुवटीवर तिळाची खूण. अंगाने स्थूल. एकटा.'

मला वाटलं, त्यांचं ऐकण्यात चुकलं. मी म्हणालो, "सर, कपाळावर म्हणाले ते..."

सरांनी वर बघितलं. वर्गात मधेच कोणी बोललं तर ते जसं बघायचे, तसंच. त्यांनी कागद शेजारच्या कारकुनाकडे सरकवला. मुकादमाने सांगितलेलं त्यानेही ऐकलं होतं. त्याने कागद घेतला, एकदा नजर फिरवली आणि सुबक अक्षरात नक्कल करायला लागला. 'हनुवटीवर तिळाची खूण.' वर बघितलंसुद्धा नाही.

मुकादम सलाम करून गेला. सर म्हणाले, "काय म्हस्के, कॉलेज कसं आहे?" मी काहीतरी उत्तर दिलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा मी निघालो. दारातून मागे वळून बघितलं. सर खुर्चीतच होते, हात टेबलावर, चेहरा शांत. पण टेबलाखाली त्यांचे पाय चालत होते. जागच्या जागी, एकामागून एक, दारापासून खिडकीपर्यंत जावं तसे. सरांना मी शेवटचं पाहिलं ते असं.

गेल्या महिन्यात बशीर सायकलवरून कॉलेजात आला. तो आता अब्बांचं दुकान बघतो. त्याच्या हातात नगरचं एक साप्ताहिक होतं. वाचनालयाच्या दारातूनच त्याने हाक मारली, "म्हस्क्या, भायेर ये. हे वाच."

मागच्या पानावर जाहीर नोटीस होती. कारखान्याचे मजूर-अधिकारी श्री. लोंढे हे कराराची मुदत पुरी न करता, कोणास न कळवता, पत्नीसह निघून गेले आहेत. त्यांना कोणी नोकरीस ठेवू नये. ठावठिकाणा समजल्यास कळवावे. पुढे वर्णन होतं. 'वर्ण गोरा. अंगाने स्थूल. चष्मा नाही. डाव्या पायाने अधू असल्याने फार चालवत नाही. बैठकीच्या कामाची सवय.'

मी दोनदा वाचलं. छपाईची चूक असेल म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

बशीर इतका हसत होता की आतल्या ग्रंथपालांनी डोकं बाहेर काढलं. "पायानं अधू! सर! अरे, हे घिऊन गावोगाव हिंडतील. जितं कुनी लंगडा गोरा मानूस बसल्याला दिसंल तितं त्याला धरतील!"

मग त्याचं हसणं ओसरलं. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि व्हरांड्यात दारापासून खांबापर्यंत चालत गेला आणि परत आला. सरांची नक्कल करायला गेला असावा, पण नक्कल वाटली नाही.

"पर म्हस्क्या," तो म्हणाला, "हे काम केलं कुनी?"

मला सरांच्या शेजारचं ते टेबल दिसलं, आणि त्यावर खाली घातलेली त्या कारकुनाची मान. त्या माणसाचं नाव मी विचारलं नव्हतं.